हरिकेनची जबाबदारी कोणाची: राज्याची की वॉशिंग्टनची?

खाडीपल्याड

फेमा (केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था) बंद करावी, निदान तिला कात्री लावावी आणि वादळांचं काम राज्यांनीच बघावं, हे २०२५ पासून अमेरिकेत उघडपणे बोललं जातंय. त्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेमाच्या फेरविचारासाठी परिषद नेमली. मार्चमध्ये तयारीचा भार राज्यांवर आणि स्थानिक प्रशासनावर टाकणारा आदेश निघाला. मे महिन्यात फेमाचे हंगामी प्रमुख कॅमेरन हॅमिल्टन यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की ही संस्था मोडीत काढणं लोकांच्या हिताचं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना पदावरून दूर केलं.

मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. आमच्याकडे हा विषय निघाला की 'सरकार आलं नाही' एवढंच सगळे म्हणतात. कोणतं सरकार यायला हवं होतं, यावर मात्र एकमत होत नाही. म्हणून हा धागा.

सध्याचा कायदा थोडक्यात: १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार आपत्ती आधी गावाने आणि काउंटीने (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रशासन) सांभाळायची, मग राज्याने. राज्याच्या आवाक्याबाहेर गेली तर गव्हर्नरने मागणी करायची, राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर केंद्राचे पैसे, सामान, माणसं यायची. रस्ते, पूल, पाण्याचे नळ, ढिगारे उचलणं अशा सार्वजनिक कामांचा निदान ७५ टक्के खर्च केंद्र देतं. म्हणजे फेमाने राज्याच्या डोक्यावर बसून हुकूम सोडावेत अशी रचना आजही नाही.

माझं मत असं, की तयारी राज्याची आणि मोठा पैसा केंद्राचा, ही विभागणी मुळात बरोबर आहे. घोळ होतो तो मधल्या टप्प्यावर, मागणी कोणी आणि कधी करायची यावर. ८ जुलै २०२४ ला बेरिल हे हरिकेन आलं तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर ॲबट आशियाच्या दौऱ्यावर होते आणि लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक त्यांच्या जागी काम बघत होते. राज्याची मागणीच उशिरा आली असं व्हाइट हाउस म्हणत होतं, पॅट्रिक ते साफ नाकारत होते. तेव्हा या भागात वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते, आणि जुलैच्या उकाड्यात एसी बंद पडलेल्या घरांत काही माणसं उष्म्याने गेली.

तुमच्या राज्यातला अनुभव काय? वादळ येतंय म्हटल्यावर तुम्ही नक्की कोणाच्या भरवशावर असता?

रात्रपाळी

महत्त्वाचा विषय. रुमाल टाकून ठेवतो, ड्यूटी संपली की सविस्तर लिहितो. गॅल्व्हेस्टनबद्दल सांगायचं आहे.

अबोली_टँपा

चांगला धागा. आमच्या फ्लोरिडाचं सांगते, कारण 'राज्याने करून दाखवलं' असं म्हणायचं झालं तर उदाहरण फ्लोरिडाचंच देतात आणि त्यात तथ्य आहे.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू या हरिकेनने मायामीजवळचा होमस्टेड भाग भुईसपाट केला. मदत येईना, तेव्हा डेड काउंटीच्या आपत्ती विभागाच्या प्रमुख केट हेल यांनी टीव्हीवर जाहीरपणे विचारलं होतं, की घोडदळ आहे तरी कुठे? पण त्यानंतर राज्य नुसतं वॉशिंग्टनला दोष देत बसलं नाही. १९९३ मध्ये राज्याने विमा कंपन्यांना आधार देणारा हरिकेन निधी उभारला. घराच्या प्रत्येक विमा पॉलिसीवर २ डॉलर आणि व्यावसायिक पॉलिसीवर ४ डॉलर असा अधिभार बसवला आणि त्यातून काउंट्यांची आपत्ती कार्यालयं चालवली. २००२ पासून अख्ख्या राज्याला एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली. छताला पट्ट्या, खिडक्यांना आघात सोसणाऱ्या काचा किंवा शटर, हे सगळं त्यातून आलं.

२०२४ मध्ये आम्ही दोन आठवड्यांत दोन वादळं बघितली. २६ सप्टेंबरला हेलीन जमिनीवर आलं ते लांब उत्तरेला, तरी टँपा उपसागरात विक्रमी उधाण आलं. लोकांचे भिजलेले सोफे आणि गाद्या रस्त्यावर पडलेल्या असतानाच मिल्टन येतंय अशी बातमी. वाऱ्याने तोच कचरा उडून लोकांना लागेल म्हणून राज्याने रात्रंदिवस ट्रक लावून तो उचलायला घेतला. आमचा झोन ए, म्हणजे सगळ्यात आधी निघायचा पट्टा. काउंटीचा निरोप आल्यावर आम्ही निघालो, ऑर्लँडोच्या मावशीकडे. निघा हे सांगायला फेमाचा माणूस येत नाही, काउंटीच सांगते. त्यामुळे 'भरवसा कोणावर' याचं माझं उत्तर पहिले तीन दिवस काउंटी, पुढचे तीन महिने राज्य आणि पुढची तीन वर्षं केंद्र.

अनुस्वार

मी ओहायोत राहतो, हरिकेनचा प्रत्यक्ष अनुभव नाही. पण कर भरतो, म्हणून थोडा कडू सूर लावतो. कोणी मनाला लावून घेऊ नये.

समुद्राकाठी कुठे बांधायचं याची परवानगी स्थानिक प्रशासन देतं. त्या घरांचा मालमत्ता कर तेच घेतं. घर वाहून गेलं की बिल मात्र देशभर वाटलं जातं. १९६८ पासून पुराचा विमा केंद्र सरकारच चालवतं. त्यात तीच ती घरं पुन्हा पुन्हा भिजतात आणि पुन्हा पुन्हा भरपाई घेतात. २०१७ मध्ये संसदेने या योजनेचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, तरी वर वीस अब्जांहून जास्त देणं राहिलं. ज्याच्या सहीने घर उभं राहतं त्यालाच नुकसानीची झळ बसत नसेल, तर तो सही करायची का थांबवेल?

आणखी एक. मोठी आपत्ती जाहीर व्हायला नुकसान किती हवं, यासाठी फेमा दरडोई आकडा बघते. २०२५ च्या आर्थिक वर्षात तो होता १ डॉलर ८९ सेंट. टेक्सासच्या लोकसंख्येने गुणलं तर साधारण साडेपाच कोटी डॉलर. एवढ्या श्रीमंत राज्याला साडेपाच कोटींच्या नुकसानीसाठी वॉशिंग्टनचं दार का ठोठवावं लागावं? स्वतः फेमाचे प्रमुख असताना क्रेग फ्यूगेट यांनी २०१६ मध्ये सुचवलं होतं, की विम्यात जशी आधी स्वतःची ठरावीक रक्कम भरावी लागते तशी राज्यांनीही आधी आपली भरावी, आणि घरं पक्की केली तर त्यात सूट मिळावी. मला ते अगदी रास्त वाटतं.

@खाडीपल्याड, बेरिलचं उदाहरण पटलं नाही. विजेचे खांब, तारा, त्यावर आलेली झाडं यांची देखरेख टेक्सासच्या राज्य आयोगाखाली येते. तिथे केंद्र काय करणार?

खाडीपल्याड

@अनुस्वार, खांबांचा मुद्दा बरोबर. पण खांब पडल्यानंतर म्हाताऱ्यांसाठी थंड निवारे, रुग्णालयांना जनरेटर, पाणी, बर्फ हे सगळं लागतं आणि त्यासाठी कागद वेळेत जावा लागतो. मी तेच म्हणत होतो.

'समुद्राकाठच्या घरांचा' मुद्दा मात्र ह्यूस्टनला लागू होत नाही. २०१७ मध्ये हार्वी आलं तेव्हा नेदरलँड गावात ६० इंचांहून जास्त पाऊस पडला. हॅरिस काउंटीत बुडालेल्या घरांपैकी बरीचशी फेमाच्या पूरनकाशात धोक्याच्या पट्ट्यात नव्हतीच. त्या लोकांकडे पुराचा विमा नव्हता, कारण कर्ज देणाऱ्या बँकेनेही तो मागितला नव्हता. नकाशा केंद्राचा, परवानगी स्थानिक प्रशासनाची, ॲडिक्स आणि बार्कर ही धरणं लष्कराच्या अभियंता विभागाची. धरणांचे दरवाजे उघडले आणि खालची घरं बुडाली, वरची घरं धरणाच्या फुगवट्याने बुडाली. ते खटले वर्षानुवर्षं चालले. आता यात एक जबाबदार माणूस शोधून दाखवा.

अबोलीताई, झोनची पद्धत इकडेही आहे, पण हार्वीच्या वेळी ह्यूस्टन शहराने 'निघा' असं सांगितलं नाही. गव्हर्नर म्हणत होते निघा, महापौर टर्नर म्हणत होते घरी राहा. महापौरांच्या डोक्यात २००५ चं रीटा होतं. तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकाच वेळी रस्त्यावर आले, आणि शंभराहून जास्त मृत्यूंपैकी बहुतेक त्या पळापळीतच झाले. वृद्धाश्रमातल्या माणसांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, त्यात २३ जण गेले.

पाणकोंबडा

एक हलकी गोष्ट, पण खरी. फ्यूगेट यांचं नाव निघालं म्हणून. ते वादळानंतर 'वॉफल हाउस निर्देशांक' बघायचे. चोवीस तास उघडं असणारं हे हॉटेल पूर्ण मेन्यू देत असेल तर हिरवा, अर्धा मेन्यू असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल. लाल असेल तिथे आधी जायचं.

आमच्या सव्हॅनातल्या मराठी घरांचा निर्देशांक वेगळा आहे. सासूबाईंनी फ्रीझरमधले मोदक आणि पुरणपोळ्या एकदम बाहेर काढल्या की मुलं विचारतात, 'आजी, कितव्या श्रेणीचं?'

धुकटवाट

मोदक वाचून हसलो. आता थोडं जड लिहितो.

मी शार्लटला असतो. हेलीनच्या आधी पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या कोणालाही 'तुम्हाला हरिकेनचा धोका आहे' असं सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. तो डोंगराळ भाग, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आधी दोन दिवस पाऊस होऊन माती भिजलेली, त्यावर हेलीनचा पाऊस. नद्या अरुंद दऱ्यांतून खाली आल्या. स्वॅनानोआ, चिमणी रॉक या गावांत आम्ही मुलांना घेऊन फिरायला जायचो. टेनेसीकडे जाणाऱ्या आय-४० महामार्गाचा पिजन नदीकाठचा भाग चक्क नदीत गेला. ॲशव्हिलसारख्या शहराला पिण्याचं पाणी नळाला यायला ५३ दिवस लागले. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून जास्त माणसं गेली.

आमच्या मंडळाने गाड्या भरून पाणी, डायपर, बाळांचं दूध पाठवलं. एका चर्चच्या आवारात ते उतरवून घेतलं जात होतं. तिथे बघितलं ते सांगतो. काउंटीचा आपत्ती अधिकारी म्हणजे एक माणूस आणि त्याची एक मदतनीस. दोघांचीही घरं चिखलात. त्या माणसाने ढिगाऱ्यांची कंत्राटं काढायची, प्रत्येक पुलाचे फोटो आणि मोजमापं नोंदवायची, फेमाच्या अर्जातले नियम पाळायचे, कारण कागद चुकला तर पैसे नंतर परत मागितले जातात. अनुस्वार, तुमचं गणित टेक्सासला ठीक आहे. पण या काउंटीचं वर्षाचं बजेट एका पुलात संपतं. 'राज्याने करावं' म्हणताना राज्याच्या खाली कोण उभं आहे तेही बघायला हवं.

राज्याने ढिगारे उचलण्याचा १०० टक्के खर्च केंद्राने आणखी काही काळ द्यावा अशी विनंती केली होती. ती २०२५ मध्ये नाकारली गेली.

आणि अफवा! 'फेमा फक्त ७५० डॉलर देते' हे आपल्या गटांतही फिरत होतं. ती अन्नपाण्यासाठीची तातडीची पहिली रक्कम होती, घरासाठीची मदत वेगळी. पण लोकांनी चिडून अर्जच केले नाहीत. धमक्यांच्या बातमीनंतर रदरफर्ड काउंटीत फेमाच्या लोकांना काही काळ घरोघरी जाणं थांबवावं लागलं. याने नुकसान कोणाचं झालं? ज्यांच्या घरी कोणी पोचलं नाही त्यांचंच.

केवडा

वाचतेय. धुकटवाट, प्रतिसाद आवडला.

रेवदंडेकर

तिकडच्या वादळाचा अनुभव नाही, पण ३ जून २०२० ला निसर्ग आमच्या डोक्यावरून गेलं. नारळी, पोफळी, आंबा, सगळं आडवं. म्हणून उत्सुकतेने वाचतोय. आपल्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५, म्हणजे गुणोत्तर तिकडच्यासारखंच निघालं. पण पंचनामा तलाठी करतो आणि निकषात बसेल तेवढंच मिळतं. बागेचं झाड पुन्हा धरायला दहा वर्षं लागतात, हे त्या निकषात नीट मावत नाही.

एक प्रश्न: वादळाआधीच आमच्याकडे एनडीआरएफच्या तुकड्या येऊन थांबल्या होत्या. तिकडे केंद्राची अशी तुकडी नसते का?

अबोली_टँपा

@रेवदंडेकर, चांगला प्रश्न. एनडीआरएफसारखं केंद्राचं स्वतःचं पूर्णवेळ बचाव दल इथे नाही. फेमाशी जोडलेली २८ शोध-बचाव पथकं आहेत, पण त्यातली माणसं मुळात स्थानिक अग्निशामक दलांची आणि रुग्णालयांची असतात. केंद्र प्रशिक्षण, साहित्य आणि बोलावल्यावरचा खर्च देतं. तटरक्षक दल मात्र केंद्राचं. नॅशनल गार्ड (राज्याराज्यांचं राखीव सैन्य) एरवी गव्हर्नरच्या हाताखाली.

शिवाय राज्यं एकमेकांना माणसं पाठवतात, त्याचा करार आहे. संसदेने त्याला १९९६ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे 'राज्य की केंद्र' यात 'शेजारचं राज्य' हे तिसरं उत्तरही आहे.

तांबडीमाती

मी बॅटन रूजला गेली बरीच वर्षं आहे. कॅटरिनाबद्दल कोणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, कारण हा सगळा वाद तिथूनच पेटला.

खाडीपल्याड, तुमचा 'मागणीच्या टप्प्यावर घोळ' हा मुद्दा मला अपुरा वाटतो. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी २७ ऑगस्ट २००५ ला, म्हणजे वादळ यायच्या दोन दिवस आधी, आणीबाणी जाहीर करण्याची मागणी केली होती. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती त्याच दिवशी मान्यही केली. कागद वेळेत होता. तरीही माणसं छपरांवर अडकली.

का? एकेक बघू. न्यू ऑर्लिन्सचे तटबंध आणि कालव्यांच्या भिंती लष्कराच्या अभियंता विभागाने आखलेल्या आणि बांधलेल्या. त्या ठिकठिकाणी फुटल्या आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ही चूक सरळ केंद्राची. शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश महापौर नेगिन यांनी २८ तारखेच्या सकाळी काढला, वादळाला जेमतेम एक दिवस उरला असताना. शहरात लाखभर लोकांकडे गाडी नव्हती, आणि शाळांच्या बसगाड्या तळावर उभ्या उभ्या बुडाल्या. ही चूक शहराची. राज्याच्या नॅशनल गार्डचे सुमारे तीन हजार जवान तेव्हा इराकमध्ये होते, आणि गार्डचं शहरातलं मुख्यालयच पाण्यात गेलं. हा दोष नक्की कोणाच्या नावावर टाकायचा?

त्यात भर म्हणजे गार्डचा ताबा कोणाकडे यावर ओढाताण. वॉशिंग्टन म्हणालं, आमच्याकडे द्या. ब्लँको यांनी नकार दिला. सुपरडोम या स्टेडियममध्ये हजारो लोक पाणी आणि शौचालयांवाचून बसलेले असताना ही पत्रापत्री चालू होती. फेमाचे प्रमुख मायकल ब्राउन यांनी १२ सप्टेंबरला राजीनामा दिला. तटरक्षक दलाने मात्र कोणाच्या आदेशाची वाट न बघता ३३ हजारांहून जास्त लोकांना वाचवलं. स्थानिक कोळी आणि शिकारी आपापल्या बोटी घेऊन आले ते वेगळेच. राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या सुधारित आकड्यानुसार मृत्यू १,३९२.

मला सर्वात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जुलै २००४ मध्ये याच शहरासाठी 'हरिकेन पॅम' नावाच्या काल्पनिक वादळाचा सराव झाला होता. केंद्र, राज्य, शहर, सगळे हजर. पाणी तटबंध ओलांडून येणार, गाडी नसलेले लोक मागे राहणार, हे सगळं तिथे मांडलं गेलं होतं. पुढच्या टप्प्यांचं काम पूर्ण व्हायच्या आत कॅटरिना आलं. म्हणजे कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

पण नंतर सुधारणा झाली, तीही सांगते. २००६ च्या कायद्याने फेमाला राज्याच्या मागणीआधीच सामान आणि माणसं जवळ आणून ठेवायची मुभा दिली, आणि फेमाच्या प्रमुखाला आपत्ती व्यवस्थापनाचा अनुभव हवा अशी अट घातली. २००८ च्या गुस्ताव्हच्या वेळी बस आणि आगगाड्या आधीच लावल्या होत्या आणि दक्षिण लुइझियानातून एकोणीस लाखांच्या आसपास लोक निघाले. नव्याने बांधलेले तटबंध २०२१ च्या आयडामध्ये टिकले. पैसा केंद्राचा, देखभाल राज्याची आणि स्थानिक मंडळांची. दोघांनी आपापलं काम केलं की हे जमतं. त्या तटबंधांच्या बाहेर असलेलं लाप्लास गाव मात्र आयडातही बुडालं.

खाडीपल्याड

ताई, सविस्तर प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. पॅमच्या सरावाबद्दल माहीत नव्हतं.

निळीशाई

सगळे राज्यांबद्दल बोलताहेत. जिथे राज्यच नाही तिथे काय?

सप्टेंबर २०१७ मध्ये मारियाने प्युर्तो रिको उद्ध्वस्त केलं. तिथले लोक अमेरिकी नागरिक, पण त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, संसदेत मतदान करणारा खासदार नाही. बेटाचं सरकार त्याच वर्षी मे महिन्यात दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलेलं. २५ टक्के वाटा कुठून आणणार? वीज सगळ्यांपर्यंत परत पोचायला जवळपास ११ महिने लागले. मृतांचा अधिकृत आकडा आधी ६४ होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने तो २,९७५ असा मान्य केला. बहुतेक माणसं वाऱ्याने गेली नाहीत. डायलिसिस बंद पडलं, ऑक्सिजन मिळाला नाही, इन्शुलिन थंड ठेवता आलं नाही.

'ज्याचं त्याने बघावं' हे तत्त्व श्रीमंत राज्याला झेपतं. ज्याच्याकडे बघायला काही उरलंच नाही त्याचं काय?

अनुस्वार

@निळीशाई, @धुकटवाट, मुद्दे रास्त आहेत. गरीब काउंटी आणि प्युर्तो रिको यांना टेक्सासचा नियम लावा असं मी म्हणत नाही. केंद्राने पैसे द्यावेतच. माझा आग्रह एवढाच, की पैसे वादळाआधी जास्त जावेत आणि बांधकाम संहितेशी बांधलेले असावेत. केंद्राच्या प्रतिबंधक अनुदानातला १ डॉलर पुढचे ६ डॉलर वाचवतो, असा राष्ट्रीय बांधकामशास्त्र संस्थेचा अभ्यास आहे. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये फेमाने ब्रिक ही प्रतिबंधक अनुदानाची योजना बंद करत असल्याचं जाहीर केलं, ते मला अजिबात पटलं नाही. राज्यांना सक्षम करायचं म्हणता आणि सक्षम होण्याचे पैसेच काढून घेता. काही राज्यं त्याविरुद्ध न्यायालयात गेली ते योग्यच झालं.

चकोर७

आणि वादळाचा अंदाज? मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र, वादळाच्या डोळ्यात शिरणारी विमानं, उपग्रह, हे पन्नास राज्यांनी पन्नास वेळा उभं करायचं का? एवढी एक गोष्ट तरी निर्विवाद केंद्राची.

अबोली_टँपा

+१. आणि त्यातही लोकांनी नुसती श्रेणी बघू नये. श्रेणी वाऱ्याची असते. जीव जातो तो बहुतेक पाण्याने.

रात्रपाळी

आलो. सांगितल्याप्रमाणे गॅल्व्हेस्टन.

८ सप्टेंबर १९०० च्या वादळात त्या बेटावर निदान सहा ते आठ हजार माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासातली सर्वात प्राणघातक नैसर्गिक आपत्ती आजही तीच. तेव्हा फेमा नव्हती. (ती १९७९ मध्ये कार्टर यांनी निर्माण केली.) मग गॅल्व्हेस्टनने काय केलं? काउंटीने रोखे काढले, लोकांनी ते विकत घेतले, राज्याने करात सवलत दिली आणि १९०२ ते १९०४ मध्ये साधारण १७ फूट उंचीची समुद्रभिंत उभी राहिली. त्याहून थोर काम म्हणजे शहराची जमीनच उचलली. घरं, चर्च, सगळं जॅकवर चढवून खाली समुद्रातली वाळू भरली. १९१५ ला पुन्हा तेवढंच मोठं वादळ आलं आणि शहर वाचलं. भिंतीवर उभं राहिलं की छाती भरून येते.

हे ऐकून कोणी म्हणेल, बघा, केंद्राशिवाय होतं. पण पुढचं ऐका. २००८ मध्ये आइकने बोलिव्हार द्वीपकल्प पुसून काढलं. तेव्हापासून अख्ख्या गॅल्व्हेस्टन उपसागराला दरवाजे आणि बांध घालायची चर्चा आहे. संसदेने २०२२ च्या अखेरीस मान्यता दिली, अंदाजे खर्च ३४ अब्ज डॉलर. उपसागराच्या आत ह्यूस्टनच्या जहाजमार्गाकाठी तेलाच्या टाक्या आणि रसायनांचे कारखाने ओळीने उभे आहेत. तिथे उधाण घुसलं तर पेट्रोल ओहायोतही महाग होईल, अनुस्वारजी! ही रक्कम कोणतीही काउंटी रोखे काढून उभी करू शकणार नाही. राज्याने त्यासाठी वेगळं मंडळ स्थापलंय, पण मान्यता म्हणजे पैसे नव्हेत. बांधकामासाठी लागणाऱ्या रकमेच्या मानाने हातात आलेलं फार थोडं आहे.

म्हणून धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: भिंत कुठे हवी हे गावाने सांगावं, शहर सोडा हे काउंटीने सांगावं, घर कसं बांधायचं हे राज्याने सांगावं. ते न सांगणाऱ्या राज्याला केंद्राने जाब विचारावा. आणि भिंत मात्र देशाने बांधावी.

तांबडीमाती

शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. फक्त त्या भिंतीची तपासणी बांधणाऱ्याने करू नये, ती त्रयस्थाने करावी. न्यू ऑर्लिन्सने त्याची किंमत मोजली आहे.

शमी_जॅक्स

थोडं अवांतर, पण गरजेचं वाटतं म्हणून विचारते. आम्ही जॅक्सनव्हिलला नवीन आहोत, दोघेही एच-१बी वर. मुलगी इथे जन्मलेली. वादळात घराचं नुकसान झालं तर आम्हाला फेमाची मदत मिळते का? की अर्ज केला तर ग्रीन कार्डला अडचण येते? ऑफिसात प्रत्येकजण वेगळं सांगतो.

आणि दुसरं, इथे घर घ्यायचं चाललंय. एजंट म्हणतो या भागात पुराच्या विम्याची सक्ती नाही.

धुकटवाट

@शमी_जॅक्स, हे अवांतर अजिबात नाही. फेमाची रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेल्यांसारख्या काही ठरावीक गटांना मिळते. एच-१बी त्यात बसत नाही. पण तुमची मुलगी नागरिक आहे आणि तुमच्या घरात राहते, तेव्हा तिच्या नावाने पालक म्हणून अर्ज करता येतो. तिचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागेल. निवारा, अन्न, पाणी, औषधं अशी तातडीची मदत मात्र सगळ्यांसाठी असते. निवाऱ्यात जायला बिचकू नका. ग्रीन कार्डबद्दल ऑफिसातल्या गप्पांवर विसंबू नका, इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचारून ठेवा, वादळ दारात आल्यावर नको.

खाडीपल्याड

विम्याचं मी सांगतो. सक्ती नसणं आणि धोका नसणं यात काही संबंध नाही, हार्वीचं वर लिहिलंच आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. केंद्राच्या योजनेत घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात. सामानाचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो, एजंट बऱ्याचदा सांगत नाहीत. एरवी पॉलिसी घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होते, पण घराच्या कर्जासोबत क्लोजिंगलाच (खरेदीचा व्यवहार पूर्ण होताना) घेतली तर ही मुदत नसते. तेव्हा क्लोजिंगलाच घ्या. भाड्याच्या घरातल्या सामानाचाही काढता येतो.

शमी_जॅक्स

खूप आभार दोघांचेही. मुलीच्या नावाने अर्ज होतो हे इथे कोणालाच माहीत नव्हतं, मंडळाच्या गटात टाकते.

अबोली_टँपा

शमी, घर बघायला जाल तेव्हा मालकाकडून आधीच्या पुराची माहिती लेखी मागा. फ्लोरिडात ऑक्टोबर २०२४ पासून विकणाऱ्याला पुराच्या विम्याचे दावे आणि पुरासाठी घेतलेली केंद्राची मदत जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि करार करण्याआधी पत्ता टाकून काउंटीच्या नकाशावर इव्हॅक्युएशन झोन बघा. ए किंवा बी आला तर निघायची जागा आजच ठरवून ठेवा.